वासुदेवरावांच्या चपला

सुचेताला एका जागी बसवेना. मल्लेश्वरमचे सगळे क्रॉस रस्ते तिनं पालथे घातले होते, मेट्रोनं यशवंतपूरला जाऊन कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या होत्या, कॉफी तर इतकी ढोसली होती की डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि एवढं करून बंगळूरबद्दल तिच्या हातून कागदावर उतरलं होतं ते असं : 'या शहरात झाडं आहेत.' तिसरीतल्या पोरानंही याहून बरं लिहिलं असतं. तिनं तेही खोडून टाकलं.

तिला इथं पाठवलं होतं चार शहरांनी मिळून. नागपूर, बंगळूर, धारवाड आणि सोलापूर इथल्या काही वाचनालयांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की, शहरांनी एकमेकांना शाली आणि पुष्पगुच्छ देणं आता पुरे झालं, आता लेखक द्यायचे. एका शहराच्या लेखकानं महिनाभर दुसऱ्या शहरातल्या लेखकाच्या घरी राहायचं, त्याच्या घरच्यांच्या हातचं जेवायचं आणि तिथं जे दिसेल त्यावर दहा पानं लिहायची. शेवटच्या रविवारी दोन्ही गावांत सभा, पडद्यावर एक सभा दुसरीला दिसणार. अनुवाद आधीच करून ठेवायचा, म्हणजे मराठीतलं कन्नड वाचकाला कळेल आणि कन्नडमधलं मराठी वाचकाला. कल्पना सुंदर होती. बैठकीत सगळ्याच कल्पना सुंदर असतात. पुढे कोणाला तरी एकट्यानं खोलीत बसून त्या निभवाव्या लागतात, ते मात्र बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही.

सुचेताच्या वाट्याला मंजुनाथचं घर आलं आणि मंजुनाथच्या वाट्याला सुचेताचं. मंजुनाथ कन्नडमधला कथाकार, चाळिशीचा, बिनलग्नाचा. तो नागपूरला सुचेताच्या वडिलांकडे, वासुदेवरावांकडे, जाऊन राहिला होता. इकडे त्याच्या घरी होती त्याची आई, यल्लव्वा. तिचं माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदत. तिकडच्या बायकांच्या रीतीनं ती स्वतःविषयीही 'मी जातो, मी करतो' असंच बोले. पहिल्या दिवशीच तिनं सुचेताला मंजुनाथची खोली दाखवली, टेबल पुसून दिलं आणि म्हणाली, "लिही बाई निवांत. मी मधी येत न्हाई."

निवांत! खरं तर सुचेतानं हे आमंत्रण घ्यायलाच नको होतं. दुसरा कथासंग्रह येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यानंतर तिनं एक धड पान लिहिलं नव्हतं. हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, अशी तिची समजूत. नागपूरला ती रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून घ्यायची आणि आत मोबाइल बघत बसायची. वडिलांना वाटायचं, मुलगी लिहिते आहे. बंगळूरमध्येही तेच. दार बंद, आत ही येरझाऱ्या घालतेय, आणि संध्याकाळी बाबांचा फोन.

"लिहिणं सुरू आहे ना बेटा?"

"हो बाबा, जोरात."

"मग ठेवतो. उगाच तुझा वेळ नको."

फोन ठेवला की तिला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटे.

अशाच एका दुपारी ती दार उघडून स्वयंपाकघरात आली. जानेवारीचे दिवस, मल्लेश्वरममध्ये अवरेचे ढीग लागले होते. अवरे म्हणजे आपल्या पावट्यांचे भाऊबंद. भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून पिचकन बाहेर काढायचा. यल्लव्वा परात घेऊन बसली होती. सुचेताही शेजारी बसली. कोपऱ्यात देवाच्या फळीवर मंजुनाथची पाच पुस्तकं रचून ठेवलेली होती, सगळ्यांत वरच्यावर हळदकुंकू. काहीतरी बोलायचं म्हणून सुचेतानं विचारलं, "अव्वा, यातलं तुम्हाला कुठलं जास्त आवडतं?"

यल्लव्वाचा हात थांबला. मग ती पुन्हा दाणे सोलू लागली आणि सोलता सोलताच म्हणाली, "वाचलोच न्हाई बघ एक बी."

"म्हणजे?"

"माझी शाळा मराठी, चौथीपतोर. लगीन करून हितं आलो. कन्नड बोलतो की फाडफाड, खरं वाचाय येत न्हाई. पयलं पुस्तक आलं तवा लेकानं हातात ठेवलं, म्हटला, अव्वा, वाच. त्याचं तोंड बघून न्हाई म्हणाय जमलं न्हाई. सांजच्यापतोर पानं उलटलो आणि म्हटलो, लई बरं लिवलास. मग दुसरं आलं, तिसरं आलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"कोणाकडून तरी वाचून घ्यायचं."

"आणि वाचणाऱ्यानं लेकाला सांगितलं तर?" यल्लव्वानं सुचेताकडे पाहिलं. "तू बी सांगू नको हं कुणाला."

"नाही सांगत, अव्वा," सुचेता म्हणाली. म्हणाली तेव्हा मनापासूनच म्हणाली.

परात रिकामी झाल्यावर ती खोलीत गेली, टेबलाशी बसली, आणि काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. सहा वर्षं तुंबलेलं सगळं धो धो बाहेर आलं. हळदकुंकू लागलेली पुस्तकं, पानं उलटणारी बोटं, लेकाचं आशेनं बघणारं तोंड. दोन दिवसांत दहा पानं झाली, आणि ती चांगली होती. लिहिणाऱ्याला ते कळतं. ती घरभर गुणगुणत फिरू लागली. यल्लव्वा तिच्या ताटात मायेनं जास्तीचं तूप वाढू लागली. आपण ज्या बाईचं तूप खातोय तिचं गुपित रविवारी भर सभेत, नागपुरात बसलेल्या तिच्या लेकासमोर, वाचणार आहोत, हे सुचेताच्या मनात येत नव्हतं असं नाही. येत होतं. पण नावं बदलू, गाव बदलू, असं म्हणून ती ते झटकून टाकी.

"मॅम, फाइल पाठवताय ना? ट्रान्सलेटर वेट करतायत," श्वेताचा फोन आला. श्वेता मूळची पुण्याची, सर्जापूर रोडला राहून कंपनीत काम करणारी मुलगी. सभेची सगळी धावपळ तिच्या गळ्यात पडली होती. "आणि मंजुनाथ सरांच्या स्टोरीचं मराठी आलंय. तुम्हाला आधी दाखवा असं ते स्पेसिफिकली म्हणाले. मेल केलंय."

आपली दहा पानं पाठवण्याआधी सुचेतानं सहज म्हणून मंजुनाथचं उघडलं.

कथेत नागपूरचं एक घर होतं. घरात एक म्हातारा होता, आणि तो जानेवारीच्या थंडीत गार फरशीवर अनवाणी चालत होता. पाहुण्यानं विचारलं, चपला का घालत नाही? म्हातारा म्हणाला : मुलगी लेखिका आहे. पहिलं पुस्तक लिहीत होती तेव्हा एकदा ओरडली होती, बाबा, किती चटकफटक! तेव्हापासून घरात चपला घालत नाही. पाहुणा म्हणाला, पण ती तर आता इथं नाही. म्हातारा हसला. म्हणाला, सवय. मग थोड्या वेळानं म्हणाला : 'ती लिहीत नाही, मला ठाऊक आहे. लिहिताना तिची खुर्ची करकरते. सहा वर्षं झाली, खुर्ची करकरली नाही.' पाहुण्यानं विचारलं, मग तरी अनवाणी? 'न जाणो,' म्हातारा म्हणाला, 'एखाद्या संध्याकाळी नेमकं सुचायचं आणि माझ्या चपला आड यायच्या.'

सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तिथल्या तिथं नागपूरला फोन लावला.

"मंजुनाथ, तुम्हाला काही वाटतं का? माझ्या घरात राहून, माझ्या वडिलांच्या हातचं खाऊन, तुम्ही माझे वाभाडे काढता?"

तो पलीकडून आईच्याच मराठीत म्हणाला, "अक्का, वासुदेवराव वाच म्हटले. खरं गोष्ट तुमची बी हाय. म्हणून तुम्हाला आधी दाखवाय सांगितलो. तुम्ही नको म्हटलासा तर मी वाचत न्हाई. मोकळ्या हातानं उभारतो सभेत."

"नको," सुचेता म्हणाली आणि तिनं फोन कापला.

मग ती घराबाहेर पडली आणि तरातरा चालत सुटली. फुलवाल्या बायका, भाज्यांचे ढिगारे, हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा. तिला काही दिसत नव्हतं. सहा वर्षं! सहा वर्षं बाबा दाराबाहेर खुर्चीच्या करकरीची वाट बघत अनवाणी फिरत होते आणि ती आत दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो बघत होती. राग मंजुनाथवर होता. पण एका वळणावर तिला थांबावंच लागलं. मंजुनाथनं विचारलं होतं. कथा गमावायची तयारी ठेवून विचारलं होतं. आणि आपण? आपण तर यल्लव्वाला शब्द देऊन तिच्याच घरात बसून तिच्यावर लिहिलं. विचारायचं आपल्या डोक्यातही आलं नाही. तिला भर रस्त्यात स्वतःची किळस आली.

आणि किळस येत असतानाच दुसरीही गोष्ट तिच्या ध्यानात आली. मंजुनाथचं मराठीत आलेलं हे पहिलंच लिखाण होतं. पाच पुस्तकं झाली, पण त्याच्या आईला वाचता येईल असं त्यानं लिहिलेलं जगात एवढंच होतं, आणि ते सुचेताच्या मोबाइलमध्ये होतं. ते दाबून ठेवायचं की द्यायचं, हे आता तिच्या हातात होतं. दिलं तर यल्लव्वाला कळणार होतं की बंद दाराआड बसणारी ही बाई सहा वर्षं काय करत होती.

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. ती तिथं बराच वेळ नुसतीच उभी राहिली. शेवटी दुकानदारानंच विचारलं, काय हवंय.

"हे दोन प्रिंट करा," ती म्हणाली. "या पहिल्याची अक्षरं मोठी करा. स्वल्प मोठी नाही, खूप मोठी."

"सरी, मेडम," म्हणत त्यानं मान डोलावली.

यल्लव्वा पायरीवर बसली होती. सुचेतानं मोठ्या अक्षरांची पानं तिच्या हातात ठेवली. "मंजुनाथनं लिहिलंय. मराठीत आलंय."

यल्लव्वानं आधी नुसतं नावच बघितलं. मग पदराला हात पुसले, चष्मा चढवला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. ओठ हलत होते. सुचेता जवळ बसली, उठली, आत गेली, पाणी प्याली, परत आली. यल्लव्वा अजून दुसऱ्याच पानावर होती. तिला घाई नव्हती. घाई असलीच तर ती सुचेताला होती, आणि कशाची ते तिला सांगता आलं नसतं.

शेवटचं पान संपल्यावर यल्लव्वानं ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"बरं लिवतोय की माजा लेक," ती म्हणाली. "मी खोटं म्हणत होतो ते खरंच निघालं बघ."

मग तिनं सुचेताकडे पाहिलं. "ती पोरगी तू न्हवं?"

"हो."

"आणि तू काय लिवलीस?"

सुचेतानं दुसरा कागदांचा गठ्ठा पुढे केला. "तुमच्यावर. शब्द देऊन लिहिलं. चुकलंच माझं, अव्वा."

यल्लव्वानं ही पानंही वाचली. अंधारून आलं तसं सुचेतानं दिवा लावला. यल्लव्वानं शेवटचं पान मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढला.

"हे बी बरं हाय," शेवटी ती म्हणाली. "सभेत नको. मी गेल्यावर छाप." तिनं पानं नीट जुळवली, उठून देवाच्या फळीवर लेकाच्या पुस्तकांखाली सरकवली आणि हळदकुंकवाची डबी जागेवर ठेवली. "सभेत त्याचं वाच. तुज्या बापाचं."

त्याच संध्याकाळी सुचेतानं मंजुनाथला पुन्हा फोन केला आणि एवढंच म्हणाली, "वाचा. मराठीतलं इथं मी वाचते."

रविवारी श्वेताच्या जिवाची नुसती घालमेल झाली. "मॅम, तुमचं स्वतःचं काहीच नाही? प्रोग्रॅममध्ये छापलंय!" वाचनालयाच्या मंडळींनी नाकं मुरडली. बंगळूरला आलेली नागपूरची लेखिका रिकाम्या हातानं आली, हे उद्या चार शहरांत बोललं जाणार होतं, आणि ते खरंही होतं. पडद्यावर नागपूरची सभा दिसत होती, पहिल्या रांगेत वासुदेवराव, गळ्याला मफलर. मंजुनाथनं कन्नडमध्ये वाचलं. मग सुचेता उभी राहिली आणि तिनं तेच मराठीत वाचलं. खुर्ची करकरली नाही, तेही वाचलं. तिथं ती अडखळली, पण थांबली नाही. पडद्यावर वासुदेवराव मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते.

वाचन संपल्यावर यल्लव्वा उठून माइकशी गेली. "मंजू, वाचलो बघ. दोन डाव वाचलो. त्यो म्हातारा न जाणो म्हणतोय न्हवं, तिथं मी रडलो."

पडद्यावरचा मंजुनाथ चकित झाला. "अव्वा, आजपतोर तू असं कधी काही बोलली न्हाईस."

"आजच बोलावंसं वाटलं," यल्लव्वा म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

घरी आल्याबरोबर सुचेतानं फोन लावला.

"बाबा, पोचलात?"

"आत्ताच. मंजुनाथ चहा करून राहिला." वासुदेवराव थोडं अडखळले. "तू रागावली तर नाही ना?"

"बाबा, तुमच्या चपला कुठे आहेत?"

"असतील दाराशी."

"घाला."

"राहू दे ना बेटा, आता सवय..."

"घाला, बाबा. फरशी गार आहे. आणि मी काही लिहीत नाहीये."

पलीकडे दार वाजलं, काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि चटक, फटक, चटक, फटक. आवाज बैठकीतून स्वयंपाकघराकडे गेला आणि परत आला.

"ऐकू येऊन राहिलं का?"

"येतंय, बाबा."

"मग चालतो थोडा वेळ," वासुदेवराव म्हणाले.

यल्लव्वानं जेवायला हाक मारली, तरी सुचेतानं फोन कानापासून काढला नाही.