समोरच्या टेकडीवरची बाई

धुकं इतकं दाट होतं की मानगिलला पुढे चालणाऱ्या दालसूच्या पाठीवरची ओझं वाहायची लाकडी चौकट दिसत होती, पण खुद्द दालसू दिसत नव्हता. दोघेही टेकडीवरच्या गोऱ्यांच्या पलटणीसाठी पाणी वाहत होते. अर्धी चढण संपली आणि समोरच्या टेकडीवरून, शत्रूच्या बाजूने, कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला.

"पलीकडच्या भावांनो, हे युद्ध कुणाचं? बंदुका खाली ठेवा. घरी जा. घरी कुणीतरी वाट बघतंय."

'घरी जा' म्हणण्याआधी ती किंचित खोकली. मानगिल जागीच थांबला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. डांग्या खोकल्यातून उठलेल्या लेकीच्या छातीत तो कायमचा राहिला होता. आवाजही तिचाच होता, बुन्नेचा.

अडीच वर्षांपूर्वी, जानेवारीत, लढाई जवळ आली म्हणून सगळा गाव दक्षिणेकडे निघाला होता. नदी गोठलेली होती, पण बर्फ कुरकुरत होता. आजारी बायकोला चौकटीवर बसवून मानगिल आधी पलीकडे गेला. सतरा वर्षांच्या बुन्नेला त्याने काठावर थांबायला सांगितलं होतं. तो तिला आणायला परत वळला तेवढ्यात विमानं आली आणि मधला बर्फ फुटला. बायको त्याच महिन्यात गेली. लेकही गेलीच, असं त्याने मनाशी धरलं होतं. ओझी वाहण्याच्या कामावर आला तेव्हा त्याने मागे कुणी नाही म्हणूनच सांगितलं.

आता ती धुक्यातून बोलत होती, आणि आवाज नेमका कुठून येतो ते कळत नव्हतं. कधी समोरून, कधी पायाखालच्या दरीतून. एकदा तर तो अगदी कानामागून आल्यासारखा वाटला. मानगिलने वळून पाहिलं. मागे नुसतं पांढरं होतं.

वर पोहोचल्यावर त्याने दालसूला सांगितलं. दालसू मूळचा थट्टेखोर. दोन वर्षं एकाच टेकडीसाठी मारामारी चाललेली, ती धड घ्यायची नाही आणि सोडायचीही नाही. मोठी माणसं तंबूत टेबल मांडून तहाचं बोलतात आणि युद्ध मात्र आपल्या पाठीवर, असं तो नेहमी म्हणायचा. पण हे ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"हे परत तोंडातून काढू नको," तो हळूच म्हणाला. "पोरगी तिकडे आहे म्हटल्यावर तुला लाल, कम्युनिस्ट ठरवतील. झाडाला बांधून गोळी घालतील, दादा."

दुसऱ्या दिवशी धुकं विरळ झालं आणि कर्ण्याची जागा दिसली. दुभाष्याने हमालांना हुकूम सांगितला. दुपारच्या आत तोफगोळे वर हवेत, त्या बाईचं तोंड बंद करायचंय. मानगिलच्या चौकटीवर सहा गोळे बांधले गेले. तो चढू लागला. समोरून ती भावांनो, भावांनो म्हणत होती. घळीपाशी त्याने मुद्दाम पाय घसरू दिला. दोर सुटला, गोळे गडगडत खाली गेले आणि त्याचा गुडघा फुटला. गोरा सार्जंट हसला, काहीतरी बोलला. दुभाषा म्हणाला, म्हातारा झालास. मानगिल पुन्हा खाली गेला. तोवर दालसूचे आणि बाकीच्यांचे गोळे वर पोहोचले होते.

तोफा फार तर पाव तास चालल्या. आवाज 'घरी'वर तुटला. संध्याकाळी दालसू त्याच्याशेजारी येऊन बसला. दोघांच्या भातावर पाऊस पडत होता, तरी कुणी उठलं नाही.

"मी नसते नेले तर दुसऱ्यानं नेले असते," दालसू म्हणाला.

"हो," मानगिल म्हणाला.

चौथ्या सकाळी पुन्हा धुकं आलं आणि ती पुन्हा बोलली, आता थोड्या डावीकडून. मानगिल चौकट टेकवून धावतच टेकडीच्या टोकापर्यंत गेला. तेच शब्द होते. वाक्यांच्या मधला तोच श्वास, आणि 'घरी जा'च्या आधी तोच किंचित खोकला. बोलणं संपलं, खरखर झाली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. खोकला त्याच जागी आला. तिसऱ्यांदाही त्याच जागी आला.

ती ग्रामोफोनची तबकडी होती.

म्हणजे गोळे बुन्नेवर पडले नव्हते. ती तिथे नव्हतीच. पण मग कुठे होती? बोलून झाल्यावर ती घरी गेली, की त्याच खोकल्याने गेली, हे तबकडी सांगत नव्हती. मानगिल ती ऐकत राहिला. पुढचे कितीतरी दिवस रोज ऐकत राहिला. एकदा, आसपास कुणी नसताना, त्याने दरीकडे तोंड करून सांगितलं, "मी वळलो होतो, पोरी. मी वळलो होतो." धुक्यातून ती म्हणाली, घरी कुणीतरी वाट बघतंय.

जुलैच्या शेवटी तह नाही, नुसती युद्धबंदी झाली. तीन दिवसांत दोन्हीकडच्यांनी मागे सरायचं होतं. हमालांना कामावरून मोकळं केलं आणि दालसू त्याच दिवशी निघाला. मानगिल मात्र रिकामी चौकट घेऊन शेवटचा टेकडीवर चढला. आभाळ स्वच्छ होतं. इतकी शांतता होती की समोरच्या टेकडीवर कुणी दगडावर पाय दिला तरी ऐकू यायचं.

तिथे एक म्हातारा कर्णा सोडवत होता. त्याने तो पाठीवरच्या चौकटीवर ठेवला आणि शेजारी तबकड्यांची असावी अशी लाकडी पेटी बांधली. मग काठी टेकत तो बाजूच्या उतारावरून, उत्तरेकडे निघाला. पावसाने वाट निसरडी झाली होती. एका ठिकाणी त्याचा पाय सरकला, पेटी हलली, पण त्याने तोल सावरला.

"जपून," मानगिल पुटपुटला. "सावकाश जा, दादा. उतार आहे."