चाकावरचे छज्जे

देव अक्कल वाटून राहिला होता तवा माझा पुतण्या प्रीतम टायरच्या दुकानात बसला असंल. जुन्या पिकअपले यानं असे मोठे टायर लावले, का चाकं दोन्ही बाजूनं वीतभर बाहेर. गाडी चालली का चिखल मागच्याच्या अंगावर, बाजूच्याच्या अंगावर, अन् याच्या स्वतःच्या आरशावर. मंग मोबाईलवर पाहून सगळ्यात स्वस्त प्लास्टिकचे छज्जे मागवले, चाकाच्या वर लावाले. 'फ्लेअर' म्हणते तो त्याले. मांगं मडफ्लॅप, त्यावर वाघाचं तोंड. फ्लॅप कसला, पायपुसणं बरं. खिशात नाई आणा अन् मले बाजीराव म्हणा.

अन् आमच्या मच्छीमार संस्थेनं यंदा मासोळीचं बीज आणाले याचीच गाडी ठरवली. संस्थेची अध्यक्ष रेवताबाई, तिच्या मांगं आठ दिवस फिरला हा. करडीच्या तलावात आखाडात बीज पडलं तर उन्हाळ्यात मासोळी. नाई पडलं तर चाळीस घरं जाळं खुंटीले टांगून बसतेत. मी म्हटलं होतं, दरवर्षीसारखा ट्रॅक्टर करा. म्हाताऱ्याचं ऐकते कोण?

साकोलीकडच्या बीज केंद्रावर पहाटेच गेलो. तिथं पिशवीत पाणी, पाण्यात बोटाएवढं बीज, वर हवा भरून तोंड रबरानं आवळतेत. हवा गेली का बीज मेलं. अशा वीस पिशव्या. गाडीच्या मागच्या डाल्यात धानाचं तणीस पसराचं अन् पिशव्या लावाचं काम माझं. पसरता पसरता हाताले टोचलं. पाहतो तं छज्जे बसवाले मारलेले स्क्रू पत्र्यातून आत निघालेले, दोन्ही बाजूनं.

सांगाले मी तोंड उघडलं, अन् बंद केलं. खोटं कायले बोलू? मनात आलं, फुटू दे एखादी पिशवी. गावासमोर नाक कापलं जाईन याचं, पुढच्या साली कोणी याले विचारणार नाई. बाजूले जुनं पोतं पडलं होतं. टोकांवर टाकलं असतं तं भागलं असतं. नाई टाकलं. पिशव्या लावल्या अन् समोर जाऊन बसलो.

रस्ताभर याचं तोंड चालू. "पाहा काकाजी, एक थेंब चिखल नाई उडून राहिला."

"छज्जा मात्र उडून राहिला," मी म्हटलं, "कोंबडीनं पख झाडावा तसा."

हसला भैताड. टोमणा समजाले बी डोकं लागते.

तलावाच्या पारीवर सगळे वाट पाहून राहिले होते. डाला उघडला. विसातल्या अकरा पिशव्या हवा जाऊन बसल्या होत्या. खड्ड्याखड्ड्याले कडेच्या पिशव्या त्या टोकांवर घासल्या होत्या. तणशीत ओलं बीज पांढरं पडलं होतं, थोडं अजून हालून राहिलं होतं. मी एखादी धरली होती, अकरा नाई.

रेवताबाईनं एक पिशवी उचलून पाहिली, मंग डाल्यात हात फिरवला. "तुलाराम भाऊ, पिशव्या तुमी लावल्या. तुमाले हे टोकं दिसले नाई?"

मी बोलाच्या आधी प्रीतम समोर आला. "त्याईले काहून विचारता, मावशी? त्याईची नजर आता कमी झाली. स्क्रू माह्ये, गाडी माही. चूक माहीच." बोलता बोलता तो रडाले लागला, अन् तसाच उरलेल्या पिशव्या उचलून पाण्यात उतरला.

माही नजर चांगली आहे. जाळ्याची गाठ मी अजून चष्म्याबिगर मारतो, हे त्या पारीवर उभ्या हरेक माणसाले माहीत आहे. रेवताबाई माह्याकडेच पाहून राहिली होती.

"हो बाई," मी म्हटलं, "आता दिसत नाई मले."