चकाकी आणि चिठ्ठी

मित्रांनो, नाव ऐकूनच दचकू नका. मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे, पण नेमबाजीच्या स्पर्धेतलं. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि सहा गोळ्यांचं चक्र. कागदावरच्या काळ्या ठिपक्यापलीकडे मी कधी कुणाचं काही वाकडं केलं नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगताना मान खाली जाते.

माझे मालक अण्णा टेलिफोनच्या तारा जोडायचे. दर रविवारी सकाळी आम्ही क्लबच्या मैदानावर. माझ्या पाठीवरचा घोडा मागे ओढला की चक्र फिरतं; तो ओढायचा अगदी सावकाश, अंगठ्याने, श्वास सोडत सोडत, ही त्यांची रीत. मग ठिपक्याचा मध्य आमचाच. कपाटात कप मावेनात! घरी आलं की ते जुन्या बनियनच्या तुकड्याने मला पुसत आणि त्यांची लेक तेलाची बाटली धरून उभी राही. आमचा तोरा काय विचारता!

पण पोलाद झालं तरी झिजतंच. माझं चक्र फिरवणारा छोटासा दात झिजला. घोडा झटक्यात ओढला तर चक्र वेगाच्या भरात जागेवर जाऊन बसायचं, खट्ट. सावकाश ओढला, तर मात्र केसभर अलीकडेच थांबायचं. मग गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाची कपची बाजूला उडते. अण्णांच्या हे लक्षात आलं, त्या दिवसापासून त्यांनी मला झाडलं नाही. वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहून माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. 'चक्र पुरतं फिरत नाही. दुरुस्त केल्याशिवाय झाडू नये.' दुरुस्ती राहूनच गेली. पुढे अण्णाही गेले.

लेकीने, म्हणजे आमच्या ताईने, मला विकायचं ठरवलं. चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई क्लबात नव्यानेच आल्या होत्या. त्यांना जुनंच हवं होतं. कागदपत्रांसाठी बंदुकांच्या दुकानात नेण्याआधी ताईने मला पुसपुसून लखलखीत केलं, आणि मग नखाने ती चिठ्ठी अलगद सोलून काढली. "अण्णांच्या वस्तूला कुणी मोडकी म्हणायला नको," असं पुटपुटली.

"काय चमकतंय हो!" बाई म्हणाल्या. "काही दोष वगैरे?"

"अण्णांनी जिवापाड जपलंय," ताई म्हणाली. खोटं नव्हतं ते. मग तिने रिकामा घोडा ओढून दाखवला. झटक्यात. खट्ट! पुन्हा झटक्यात. खट्ट!

आणि मी? थोडं अडायचं, कुरकुरायचं, तर मी शहाण्यासारखा खटाखट वाजत राहिलो. कपाटातल्या अंधाराचा मला वीट आला होता. पुन्हा मैदान दिसणार म्हणून मी चक्क खूश होतो. जळो ती चकाकी!

रविवारी बाईंनी ताईला आग्रहाने बोलावलं. पहिली गोळी तिच्यासमोर झाडायची होती. शेजारच्या जागेवर क्लबचे जुने पोस्टमास्तर नेम धरून उभे होते. बाईंचा हात नवखा, म्हणून त्यांनी घोडा ओढला सावकाश. अगदी अण्णांसारखा. मागे उभ्या ताईने पर्स छातीशी घट्ट धरली.

धाड! पोस्टमास्तर "आई गं!" म्हणून खाली बसले. गालातून रक्त येत होतं. त्यांनी चष्मा काढला. डाव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, खोल ओरखडा होता. क्लबच्या नियमाचा जाड चष्मा नसता, तर त्यांचा डोळाच गेला असता.

बाईंनी मला खाली ठेवलं. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

ताईने पर्स उघडली आणि घडी केलेली चिठ्ठी पुढे केली. "अण्णांचं अक्षर," ती रडत म्हणाली, "फेकवेना हो."

बाईंनी चिठ्ठी वाचली. "त्यांनी सगळ्यांना दिसावं म्हणून लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही पर्समध्ये ठेवलंत?"

ताईला दे माय धरणी ठाय झालं. मलाही.

मित्रांनो, सध्या मी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सुटासुटा पडलो आहे. जुन्या वस्तू जरूर पुसा, तेलपाणी करा. पण दुसऱ्याच्या हाती देताना त्यांचं दुखणंही सांगा. आम्हाला त्यात कमीपणा नाही.

पेटी इथे आणून दिली तेव्हा ताईने स्वतःच चिठ्ठी पुन्हा झाकणाला चिकटवली. मग पेन मागून घेतलं आणि अण्णांच्या अक्षराखाली लिहिलं, 'हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.' खाली सही केली.

मला हात असता, तर त्या सहीखाली मीही माझी केली असती.