शेड नसलेली ऑर्डर

आमच्या मेलमध्ये कचरा येत नाही, ही माझी जुनी फुशारकी. लोक रडगाणी गायचे. कुणाला लॉटरी लागायची, कुणाला कर्ज मिळायचं, कुणाला दहा दिवसांत बारीक करून मिळायचं. मी म्हणायचे, आमची मेलची कंपनी जुनी आहे, पण सोनं आहे. कचरा दारातच अडवते आणि घाईच्या ऑर्डरीवर आपणहून लाल झेंडी लावून ठेवते. तुमच्या नव्या कंपन्यांना जमतं का असं?

आमचा कारखाना कवळ्यांचा. दोन खोल्या, प्लॅस्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेले परक्या माणसांचे जबडे. दाताचे डॉक्टर मेलवर ऑर्डर पाठवतात, आम्ही दात करून देतो. मालकीण मी, आणि माझाच वरचा पुढचा दात गेल्या वर्षी पडलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नवा करून घेतला नाही, कारण दाताच्या रंगाची पारख इथे कुणाला आहे यावर माझा विश्वास नव्हता. बोलताना तोंडावर हात ठेवायची सवय लावून घेतली.

पण डॉक्टरांनी नवी यंत्रं आणली. आता ते तोंडात कॅमेरा फिरवतात आणि जबड्याचं चित्र पाठवतात. ते इतकं जड असतं की आमच्या सोन्यासारख्या कंपनीच्या घशातून उतरेना. आठ डॉक्टर समोरच्या, आमच्यासारख्याच कवळ्यांच्या कारखान्याकडे गेले. तेव्हा सूनबाई म्हणाली, आई, मेल बदला, नाहीतर उरलेलेही जातील. नवी कंपनी हवी तेवढी जागा देते, तीही फुकट.

फुकट म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट देणारा एक तर संत असतो, नाहीतर खिशात हात घालायला जवळ आलेला असतो. आणि सूनबाईला एवढा पुळका कशाचा? लग्न होऊन सहा वर्षं झाली, कधी कारखान्याची पायरी चढली नाही. आता सुट्टी काढून माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मी खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागे बसले. ती नुसती हसली.

तिने नवं खातं उघडलं. जुन्यातलं सामान नव्यात हलवायला लागली आणि मध्येच थांबली.

"आई, या झेंड्या तुम्ही लावता?"

मी म्हटलं, कंपनी लावते.

"कंपनी नाही लावत. माणूस लावतो. आणि हे बघा, आजच्या चारही ऑर्डरी आपण यायच्या आधीच कुणीतरी उघडून वाचल्यात."

माझी दातखिळीच बसली. आमच्या ऑर्डरी कुणीतरी वाचतंय. आठ डॉक्टर समोर गेले ते यंत्रामुळे, असं मी धरून चालले होते. आता कळलं, पाणी दुसरीकडेच मुरतंय.

पहिला संशय घुम्यावर. घुम्या म्हणजे आमचा मेणाचा कारागीर. बोलत नाही म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. समोरच्या कारखान्याचा जिना चढताना मी त्याला दोनदा पाहिलं होतं. विचारलं तर मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक. दुसरा संशय सूनबाईवर. चोर दाखवणाराही कधी कधी चोरच असतो. तेव्हा तिलाच हाताशी धरून सापळा लावायचं मी ठरवलं. एका दगडात दोन पक्षी: घुम्या सापडेल आणि ही नजरेखाली राहील.

तिच्या फोनवरून तिला एका खोट्या डॉक्टरच्या नावाचं खातं उघडायला लावलं आणि आमच्या जुन्या मेलवर पाठवायची ऑर्डर मी सांगितली. बारा पूर्ण कवळ्या, वरच्या आणि खालच्या, शुक्रवारपर्यंत, भावाची काळजी नाही. असलं घबाड बघून चोर हलणारच. समोरचा कारखाना त्या डॉक्टरला मेल करील, मेल सूनबाईच्या फोनवर येईल आणि घुम्याचं बिंग फुटेल. संध्याकाळी जाताना घुम्या कॉम्प्युटरजवळ घुटमळला. काय हवंय म्हणून मी खेकसले. त्याने फडकं दाखवलं. माझ्या बोटांचं मेण कीबोर्डवर लागलं होतं, ते तो पुसत होता.

सकाळी फोनवर कुणाचाही मेल आला नव्हता. पण कारखान्यात येऊन बघितलं तर आमची ऑर्डरच मेलमधून नाहीशी. सूनबाईने शोधशोध केली आणि केराची टोपली उघडली. तिथे होती. आणि एकटी नव्हती. लॉटरी, कर्ज, बारीक व्हायची औषधं, परदेशी राजपुत्राची संपत्ती, सगळं खच्चून भरलेलं.

"कचरा येत नव्हता असं नाही, आई. रोज येत होता. कुणीतरी रोज सकाळी आपल्या आधी येऊन हाताने काढून टाकत होतं."

मी विचारलं, मग आपली ऑर्डर का टाकली? दिसायला तर खरी होती.

विचारता विचारताच माझ्या लक्षात आलं. मी शेड सांगितलीच नव्हती. दाताचा रंग कोणता, पांढरा की पिवळसर, याचा आकडा प्रत्येक ऑर्डरीत असतो. बारा कवळ्या मागवून रंग न सांगणारा डॉक्टर जगात नसतो. आणि "शेड नसलेली ऑर्डर केरात" हे वाक्य या खोलीत रोज ऐकू यायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून.

हा कारखाना आम्ही दोघी बहिणींनी काढला. मेल ताईकडे. खातं तिनेच उघडलं, पासवर्ड तिनेच ठेवला. मग चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या एका दाताच्या शेडवरून भांडण झालं. ती म्हणे ए-थ्री, मी म्हणे ए-टू. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला कारागीर म्हणत नाहीत, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मी म्हटलं, मग जा उजेडात. ती गेली. तेव्हापासून आमच्यात विस्तव जात नव्हता. पासवर्ड मात्र बदलायचं कुणालाच सुचलं नाही.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. चार वर्षं साधा फोन नाही, आणि रोज माझ्या घरात शिरून झाडू मारून जाते? कशासाठी? किती डॉक्टर मला सोडून गेले ते मोजायला? मी टोपलीतला एकेक मेल तपासला. तिने एखादी खरी ऑर्डर दाबली असेल तर ती मला हवी होती. ती सापडली असती तर बरं वाटलं असतं.

सापडला एका डॉक्टरचा मेल. नव्या वस्तीतला तो तापट डॉक्टर. त्याने लिहिलं होतं की थोरल्या बाई गेल्यापासून तुमच्या कामाला रंग उरलेला नाही, तुम्ही दुकान बंद करा. हा मेल मी कधी पाहिलाच नव्हता. ताईने तो माझ्यापर्यंत पोचू दिला नव्हता. आणि त्यानंतर त्याच्याकडून आलेल्या प्रत्येक ऑर्डरीवर लाल झेंडी होती. त्या झेंड्या बघून मी त्याचं काम जीव लावून करत आले. तो अजून आमच्याकडेच आहे.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचं बोट बटणावर होतं.

"जुनं खातं बंद करायचं राहिलंय. बंद केलं की कुणालाच आत येता येणार नाही, मावशींनाही नाही. करू?"

"थांब," मी म्हटलं.

डॉक्टर टिकवायचे तर नवं खातं हवंच होतं. पण जुनं बंद झालं की रोज सकाळी कुणी येणार नव्हतं. आणि ताईला फोन करून काय सांगायचं? तुझी चोरी पकडली म्हणून? की आभार मानायचे? दोन्ही माझ्या जिभेवर येईनात. मी सूनबाईला उठवलं आणि खुर्चीत बसले. नव्या खात्यातून जुन्या खात्याला एका बोटाने मेल लिहिला. रीतसर ऑर्डर.

"रुग्ण: तुझी बहीण. वरचा पुढचा एक दात. शेड: कळत नाही. उजेडात बघावी लागेल."

सूनबाईने वाचलं आणि विचारलं की शेड नसलेली ऑर्डर त्या ठेवतील का. मलाही तेच कळत नव्हतं.

रात्रभर मी मनात ताईला शिव्या घातल्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी कारखाना उघडला. आधी केराची टोपली बघितली, कारण माझा स्वभावच तसा. टोपलीत रोजचीच लॉटरी होती. माझी ऑर्डर मेलमध्ये सगळ्यात वर होती. उघडलेली, आणि तिच्यावर लाल झेंडी.

दुपार व्हायच्या आत ताई दारात उभी राहिली. केस बरेच पांढरे झाले होते. बस म्हणावं की नको, हे ठरवेपर्यंत तिने भिंतीवरून नमुन्याचे दात लावलेली शेडची पट्टी काढली, माझा दंड धरून मला खिडकीशी नेलं आणि ट्यूबलाइट बंद केली. घुम्या हातातलं काम सोडून बघत राहिला.

"आ कर."

मी तोंडावरचा हात काढला आणि आ केला. तिने पट्टीतले दात माझ्या शेजारच्या दाताला एकेक लावून पाहिले, मान तिरकी करून, डोळे बारीक करून, पूर्वीसारखंच.

"ए-थ्री," ती म्हणाली. "घुम्या, लिहून घे."

मला ए-टू वाटत होतं. अजूनही वाटतं. पण आ केलेल्या तोंडाने भांडता येत नाही, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना तर मुळीच नाही. तोंड तसंच उघडं ठेवून मी सूनबाईला हाताने खूण केली, की नव्या मेलचा पासवर्ड हिला लिहून दे.