तक्त्यावरचं वजन

मामांनी शिशाची शेवटची पट्टी चड्डीच्या कमरपट्ट्यात सरकवली आणि तोंड दोऱ्याने शिवून टाकलं. समोर बुरूज उघडा उभा होता, हात छातीशी बांधून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

“घाल आता. आणि वाकू नकोस फार.”

“मामा, दोन आठवडे द्या. भरून काढतो सगळं.”

“हे तू मागच्या महिन्यातही म्हणाला होतास.”

मामा क्लबात सगळ्यांचेच मामा. खेळाडूंचे कपडे धुणं, उसवलेलं शिवणं, बूट सांभाळणं हे त्यांचं काम. बुरूज रग्बीच्या संघात पहिल्या फळीला खेळायचा. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, तेव्हा पहिला भार याच्या मानेवर यायचा. नाव त्यावरूनच पडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने मांस, अंडी, दूध, सगळं एका दिवसात सोडलं. व्हीगन झाला. क्लबात एकच गहजब उडाला.

“पाला खाऊन धडका मारता येत नाहीत,” प्रशिक्षक म्हणाले.

“रेडा काय खातो, साहेब?”

सगळा संघ पोट धरून हसला. साहेब तेवढे हसले नाहीत.

खरं कारण त्याने फक्त मामांना सांगितलं होतं. त्याचे वडील कत्तलखान्यात कामाला होते आणि रोज संध्याकाळी त्यांचे बूट धुण्याचं काम याच्याकडे होतं. मामांना ते पटलं नाही, पण कळलं. पुढचा सबंध हंगाम बुरुजाला कुणी जागचं हलवू शकलं नाही आणि बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

या हंगामात मात्र त्याचं वजन उतरायला लागलं. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं: काटा एकशे दहाच्या खाली गेला, तर मुकाट्याने मांस खायचं, नाहीतर बाकावर बसायचं. इकडे आड, तिकडे विहीर. पहिल्या शुक्रवारच्या वजनाला अर्धाच किलो कमी पडत होता. एवढ्यासाठी कशाला पोराची शोभा, असं मामांना वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगा त्यांच्या नात्याचा ना गोत्याचा, पण त्यांचा त्याच्यावर जीव होता. अर्ध्याचे दोन किलो झाले, दोनाचे चार, आणि आज साडेपाच. दर शुक्रवारी काटा एकशे दहाच्या जरा वर थांबायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात तसं लिहिलं जायचं. मनातून मामा साहेबांच्याच बाजूचे होते. हा पाल्यामुळेच वाळतोय याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण ते बोलले नाहीत. त्याच्या खेळायच्या चड्ड्या मात्र त्यांनी दोनदा कमरेत आत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सामन्यात, पहिल्याच रेट्याला, बुरूज गुडघ्यांवर बसला आणि उठला नाही.

पोटात गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मामांना आणि बुरुजाच्या बायकोला खोलीत बोलावलं. त्याला अजून काट्यावर उभं करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी क्लबातून वजनाचा तक्ता मागवून घेतला होता.

“हा तक्ता बघून जरा बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “अशा गाठीत माणूस आधी झडतो. यांचं वजन अकरा आठवडे तिथल्या तिथे आहे. म्हणजे गाठ फार दिवसांची नसावी. मोठी तपासणी पुढच्या आठवड्यात करू, आत्ताच घाई नको.”

बायकोने मामांचा हात दोन्ही हातांत धरला. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

“मला सारखं वाटायचं, हा उतरलाय. रोज भांडायचे मी, निदान एक अंडं तरी खा म्हणून. मग क्लबातला आकडा सांगायचा तो. म्हटलं, माझेच डोळे दगा देतायत. बघा ना मामा, त्याचंच खरं होतं.”

हा हात असाच राहावा असं मामांना फार वाटलं. जन्मात त्यांना कुणाची एवढी भीती वाटली नव्हती, जेवढी या रडणाऱ्या पोरीची वाटली.

“बाई,” ते डॉक्टरांना म्हणाले, “तो तक्ता खोटा आहे. चड्डीत मी शिसं शिवून देत होतो.”

त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर होता.

“शेवटचं खरं वजन?” बाईंनी विचारलं.

“एकशे पाच.”

“आणि हंगामाच्या आधी?”

“एकशे चौदा.”

बाईंनी फोन उचलला आणि तपासणी आजच लावायला सांगितली. मग पेन हातात घेतलं.

“आता एकच सांगा. खाणं कमी झाल्याने वजन उतरलं असेल, तर गोष्ट वेगळी. या अकरा आठवड्यांत त्यांचं जेवण कमी झालं होतं?”

मामांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी बुरुजाच्या बायकोकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती. पुसून झालं, तरी तिने पदर खाली घेतला नाही.

“नाही,” ती म्हणाली. “दुप्पट जेवायचा. मीच वाढत होते.”