वच्छलेची मूठ

"चिंधू, विचार तिले. झालं का म्हणा आता समाधान?"

भगवंतराव वाडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून आपल्या सालदाराला सांगत होता. जिला विचारायचं ती वच्छला तिथंच, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उभी होती. पण भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडानं बोलायचं नाही आणि तिनं तर त्याच्यापुढे डोईवरचा पदरही सरकू द्यायचा नाही, अशी त्या घराची रीत. त्यामुळे बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी लागायचं. कधी चिंधू, कधी जाऊ, कोणीच नसलं तर गोठ्यातली म्हैस. घरात टीव्ही आणायच्या गोष्टी करणारा हा माणूस, पण रीत म्हटली की बापाच्याही वरताण!

चिंधूनं मान खाली घातली. विचारायचं तरी काय? रात्रीतून थंडी अशी उलटून आली होती की तिगावच्या शिवारात पाटाच्या पाण्यालाही हात लावता येईना. वच्छलेच्या वाडीतली काकडीची दुपानी रोपं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी पडून आळ्याआळ्यांत लोळत होती.

"मी तं पयलेच सांगतलं होतं," भगवंतराव आता मोकळ्या आभाळालाच सांगू लागला. "बाईचं कपाळ पुसलं गेलं की तिनं बियाले हात लावू नाई. पयली मूठ सवाष्णीच्या हातची पाह्यजे. बापजाद्यानं काय फालतू सांगून ठेवलं? पण नाई! आमच्या घरी अक्कल उतू जाऊन राहिली!"

 वच्छला घाबरली नव्हती. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: तेल तर सुटलं होतं, मग हे झालं कसं?

नाल्याकाठची ही वाडी आणि त्यातली विहीर तिच्या नवऱ्याच्या, गुणवंताच्या वाट्याला आलेली. पांढुर्ण्याच्या बाजारात पहिली काकडी दर साली गुणवंताची असायची. लोक म्हणायचे, गुणवंताला थंडीचा वास येतो. वास कसला अन् काय! ओसरीच्या देवळीत खोबरेल तेलाची बाटली असायची. थंडीत तेल दगड होऊन बसायचं. मग नवरा-बायको रोज सकाळी त्या बाटलीकडे पाहायचे. ऊन पायरीवर यायच्या आत तेल सुटलं, की बी भिजवायचं. भिजलेलं बी वच्छला ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचायची आणि मोड येईस्तोवर ती पुरचुंडी अंगावरच वागवायची. स्वयंपाक करताना, निजताना, भांडतानासुद्धा! मोड आले की पहिली मूठ तेवढी गुणवंतानं टाकायची. बाकीची सगळी वाडी वच्छला लावायची, आणि नाव मात्र गुणवंताचं व्हायचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. तो होता ना!

गेल्या पावसाळ्यात गुणवंता गेला. थंडी सरत आली तसा भगवंतरावानं निरोप धाडला, की पहिली मूठ पुष्पाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातून पडेल. वच्छलेनं उलटा निरोप धाडला, की मूठ माझीच पडेल. भासरा भडकला. "एक खेप करून पाह्य म्हणा," त्यानं कळवलं. "वाया गेली तं वाडीत मी संत्र्याच्या कलमा लावतो. दोन टाइमचं जेवण तं भेटतेच तिले माह्या घरी."

म्हणजे वाडी गेली, आणि उरलेला जन्म जावेच्या चुलीपुढे बसून कोणी वाढेल ते गिळायचं. 

आणि तेल तर सुटलं होतं! तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाटली हातात घेऊन, तिरपी करून...

बाटली. एकदम तिच्या ध्यानात आलं. गुणवंता गेल्यावर ओसरीत एकटीला झोप येईना, थंडीही सोसेना. म्हणून तिनं अंथरूण आत चुलीपाशी नेलं होतं. अंथरुणाबरोबर फणी गेली, फणीबरोबर बाटलीही गेली. चुलीच्या उबेला ठेवलेलं तेल सुटणार नाही तर काय होणार! बाहेर थंडी तशीच दबा धरून बसली होती आणि ही शहाणी बी भिजवून मोकळी झाली होती.

कपाळावर मारून घ्यायला तिनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्या कपाळावर तर सगळे आधीच टपून बसले होते.

"मोठे भाऊजी," ती म्हणाली.

चिंधूनं दचकून वर पाहिलं. भगवंतरावानं मागे वळून पाहिलं, की हिनं हाक मारली तरी कुणाला.

"गलती माही हाय. तेलाची बाटली म्या चुलीपाशी ठेवली, म्हून मले थंडी गेल्यावानी वाटलं. माही अक्कल चुकली. कपाळाचा त्याच्यात काई संबंध नाई."

"चिंधू, हे कोनाशी बोलून राहिली बे?"

"तुमच्याशीच जी, मालक," चिंधू पुटपुटला.

वच्छला थांबली नाही. विहिरीजवळच्या आळ्यापाशी ती गेली. काल दिवस मावळताना वारा फिरलेला पाहून जे हाती लागलं ते घेऊन ती धावत आली होती. गुणवंताचं काळं घोंगडं तेवढं हाती लागलं. तेच तिनं या एका आळ्यावर घातलं होतं. तिनं ते उचललं. खाली रोपं हिरवीगार, ताठ उभी होती.

"पाहा! बी तेच, हात बी माहाच. पांघरूण होतं, म्हून वाचलं."

भगवंतराव वाकून पाहू लागला. पाहता पाहता त्याचा चेहरा विरघळला. त्यानं घोंगड्याला हात जोडले.

"पाह्य रे बाप्पा! माह्या भावाचं घोंगडं! मेल्यावरबी वाडी राखून राहिला माहा गुणवंता!"

वच्छलेच्या अंगाची लाही लाही झाली. त्याच घोंगड्यात तोंड खुपसून ती सारा पावसाळा रडली होती. गुणवंतावर तिचा जीव होता. पण वारा पाहून धावली ती, घोंगडं घातलं तिनं, आणि शाबासकी मेलेल्या माणसाला!

तेवढ्यात पुष्पाबाई चहाची केटली घेऊन आली होती. ती मागूनच बोलली.

"अन् नाल्याकडच्या आळ्याइचं काय? ते बी म्या लावलं. तुम्हीच तं मले धाडलं होतं ना, तिची नजर चुकवून सवाष्णीचा हात लावून ये म्हून? ते काऊन मेलं मंग? माहं कपाळ तं भरलेलं हाय!"

चिंधूला खोकला आला. पण भगवंतराव हार मानणाऱ्यातला नव्हता.

"नासका थेंब पडला की सारं दूध नासते," तो म्हणाला.

आता मात्र वच्छलेनं वाद सोडला. तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. आळ्यात कुठं नांगं पडलं, बी न उगवता जागा रिकामी राहिली, तर भरायला म्हणून ती नेहमी थोडं बी मागाहून भिजवायची. मोड आले होते. मोड आलेलं बी कोणासाठी थांबत नाही, ना थंडीसाठी ना भासऱ्यासाठी. तिनं डोईवरचा पदर कमरेला खोचला आणि भासऱ्याच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, पुन्हा एकदा पहिली मूठ मातीत घातली.

मग विळा घेतला आणि घोंगडं मांडीवर ओढलं.

"जाऊबाई, धरा हे टोक."

पुष्पाबाईनं केटली खाली ठेवली आणि टोक ताणून धरलं. विळा चरचरत गेला.

"वच्छला!" भगवंतराव ओरडला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्याच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदाच निघालं. "अवं, काय करून राहिली! माह्या भावाची निशाणी हाय ते!"

"निशाणी ही वाडी हाय, भाऊजी. हे पांघरूण हाय. याच्यात पुण्य असंन तं एकाच आळ्याले काऊन? साऱ्याइले पुरू द्या."

तिचा आवाज फुटला, पण हात थांबला नाही. एकेक तुकडा पडत गेला. भगवंतराव वळून चालू लागला. नंतर जाता जाता धुऱ्यावरून त्याचा आवाज आला, पुन्हा जुन्या वाटेनं.

"चिंधू, सांग तिले. औंदा कलमा राहू देतो म्हणा."

"चिंधूभाऊ, सांगा त्याइले," वच्छला मान वर न करता म्हणाली, "औंदाबी नाई अन् पुढंबी नाई. वाडी माही हाय."

दिवस मावळायच्या आत तिनं लावलेल्या आळ्यांवर ते तुकडे अंथरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवले. जिथं तुकडे पुरले नाहीत तिथं पळसाची पानं आणि फाटका बारदाना घातला. घरी येऊन तेलाची बाटली पुन्हा ओसरीच्या देवळीत ठेवली. अंथरूणही बाहेर आणलं. अंगावर आता नुसती जुनी गोधडी होती.

सकाळी तेल दगड झालं होतं. वच्छला कुडकुडत उठली आणि तोंडही न धुता वाडीकडे निघाली. पहिल्या आळ्यापाशी ती बसली. घोंगड्याचा तुकडा दवानं वरून गारठून गेला होता. तो तिनं हळूच उचलला आणि मातीवर तळहात ठेवला.

माती कोमट होती.