पाचवीची कोयती

तिकीट काढल्यापासून सुशीलने दाजींचं नुसतं डोकं खाल्लं होतं. विमानात हे चालत नाय, ते चालत नाय. माचीस नाय, लायटर नाय, सुकं खोबरं नाय. दाजी म्हणजे सुशीलचे वडील; पण गावात लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणत, म्हणून घरच्या पोरांच्या तोंडीही तेच बसलं होतं. रोह्याच्या पुढच्या गावात भात आणि वाल करण्यात त्यांचा जन्म गेलेला. विमान पाहिलं होतं ते बांधावर उभं राहून, मान वर करून. अशा माणसाला घेऊन बंगळुरूला जायचं म्हणजे डोक्याला ताप, असं सुशील ज्याला त्याला सांगत सुटला होता, आणि सांगताना त्याचा चेहरा असा काही फुलायचा की विचारू नका.

सुशील धाटावला केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. रोज गेटवर बॅग उघडून दाखवायची, मोबाईल बाहेर ठेवायचा, मग आत. तेव्हा चेकिंग म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं ठाम मत. विमानात तो स्वतः एकदाच बसला होता, कंपनीच्या ट्रेनिंगला, पण ते तो कशाला सांगतोय?

"आणि ह्ये बघा दाजी," त्याने आदल्या दिवशी बजावलं होतं, "मोठी बॅग ते लोक आपल्याकडनं काढून घेतात. आपटतात, फेकतात, कधी भलत्याच गावाला धाडतात. म्हणून मोलाचं जे काय असेल ते हातातल्या बॅगेत. माझ्या लॅपटॉपच्या. ध्यानात ऱ्हायल?"

"ऱ्हायल," दाजी म्हणाले.

आणि राहिलं हो! तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

जायचं होतं सुरभीकडे. सुरभी सुशीलची धाकटी बहीण, शिकून इंजिनीअर झालेली, लग्न करून बंगळुरूला राहणारी. तिला मुलगी झाली होती आणि आज त्या मुलीची पाचवी. मागच्या खेपेचं मूल चौथ्या दिवशीच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण या वेळी आई, म्हणजे शांती, लेकीच्या बाळंतपणाला आधी गेली तेव्हा तिने बाळासाठी म्हणून एक दुपटंसुद्धा नेलं नव्हतं. मूल हातात येईस्तोवर त्याच्या नावाने काही न्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. आता बाळ हातात आलं. म्हणून दुपटी, हळीव, बाळंतशेपा आणि कडवे वाल असं सगळं आता दाजींबरोबर निघालं होतं.

निघाल्यापासूनच दिवस वाकडा. गाडीवाला उशिरा आला. वाटेत दाजींना चहा हवा होता, तो सुशीलने पिऊ दिला नाही. वडखळच्या नाक्यावर ट्रेलरांची अशी रांग की गाडी हलायचं नाव घेईना. चहा झाला असता की आरामात, असं दाजी एकदाच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पनवेलजवळच्या विमानतळावर पोचले तेव्हा मोठ्या बॅगा घेणारी खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. सुशीलने सुटकेस जवळजवळ त्या मुलीच्या अंगावरच ढकलली आणि दाजींचा हात धरून चेकिंगच्या रांगेकडे पळत सुटला.

रांगेत आणखी निराळीच तऱ्हा. बूट-चपला काढा, पट्टा काढा, पाकीट काढा, लॅपटॉप बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. सुशीलने ते सगळं झोकात केलं. दाजी चेकिंगच्या दारातून गेले तर दार बोंबलायला लागलं. कमरेचा चांदीचा करदोटा! एवढं शिकवलं, आणि नेमका तोच सुशीलच्या ध्यानात आला नव्हता. जवानाने दाजींना बाजूला घेऊन तपासलं, तेवढ्यात दुसऱ्या जवानाने लॅपटॉपची रिकामी बॅग मशीनच्या पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवली.

"ये बैग किसका है?"

"मेरा," सुशील म्हणाला.

"अंदर क्या है?"

"लॅपटॉप तो ट्रे में रखा है. चार्जर है, माउस है. बस."

"और?"

"और कुछ नहीं."

"पक्का?"

"अरे साहब, केमिकल कंपनी में काम करता हूँ. चेकिंग मालूम है मेरे को."

जवानाने बॅगेची मागची चेन उघडली, आत हात घातला आणि लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. फडकं सोडलं. आत कोयती! वाकडी, काळी पडलेली, लाकडी मुठीची चांगली वीतभर कोयती. मागे उभी असलेली बाई लेकराला पोटाशी धरून दोन पावलं मागे सरकली.

सुशीलच्या तोंडचं पाणी पळालं. "दाजी! ही कुठनं आली?"

"आपलीच हाय," दाजी म्हणाले. सुशीलला कोयती ओळखू आली नाही की काय, असं त्यांना वाटलं असावं. "मोलाचं हातातल्या बॅगेत. तूच बोल्लास ना?"

कोयती तर सुशीलने लगेच ओळखली होती. घरात तिने कधी काही कापल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरात मूल झालं की पाचवीला तिची पूजा व्हायची आणि मग ती सव्वा महिना बाळाच्या गादीखाली असायची. दाजींच्या गादीखाली होती, सुशीलच्या होती, सुरभीच्या होती. सुशीलची मुलगी पेणच्या दवाखान्यात झाली तेव्हासुद्धा आईने पिशवीतून नेली होती. नर्स ओरडली, सुशील नर्सपेक्षा मोठ्याने ओरडला. आईने दोघांचंही ऐकून घेतलं आणि कोयती ठेवायची तिथे ठेवली.

"ये किस लिए?" जवानाने विचारलं.

सुशील तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले. "बच्चे के नीचे रखने का."

"बच्चे के नीचे?"

"हां. धार ऊपर नहीं रखने का."

"दाजी, तुम्ही एक शब्द बोलू नका!" सुशील ओरडला, तशी आजूबाजूची सगळी डोकी वळली.

पण जवान हसला. "समझ गया, बाबा. हमारे गाँव में भी बच्चे के पास चाकू रखते हैं." मग त्याने मान हलवली. "लेकिन ये अंदर नहीं जाएगा." त्याने शेजारच्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत कात्र्या, लायटर, नेलकटर असा ढीग पडला होता. त्यात टाका, नाहीतर बाहेर जाऊन मोठ्या बॅगेत घाला.

सुशील विमान कंपनीच्या मुलीला शोधत पळाला, अनवाणी, एका हाताने पँट धरून. मुलीने शांतपणे सांगितलं की खिडकी बंद झाली, तुमची बॅग केव्हाच विमानाकडे गेली, आणि तुमच्या विमानात लोक चढायला लागलेत. तो तसाच परत पळाला, आणि त्यांना विमानाकडे न्यायला ती मुलगीही मागोमाग आली.

"डाल दो उस में," त्याने जवानाला सांगितलं.

"नाय," दाजी म्हणाले.

"दाजी, विमान सुटंल! बंगळुरूला कोयत्यांचा काय दुष्काळ पडलाय? नवी घेऊ."

"नवी म्हंजे नुसतं लोखंड."

"मग ही कशाची हाय? सोन्याची?" सुशीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरीला डॉक्टरांनी सांभाळलंय दाजी, कोयतीनं नाय! काय येड्यासारखं करताय चारचौघात? ती सुरभी पण हसंल तुम्हाला!"

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं ते त्यांनी मागे घेतलं. "तू जा," ते म्हणाले. "मी माघारी जातो. पनवेलवरनं गाडी गावंल मला." आणि ते बाकावर जाऊन बसले, चपला हातात घेऊन. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

आता मात्र सुशीलने हात टेकले. या माणसाला भातात उभं राहून पावसाशी भांडताना त्याने पाहिलं होतं. हा हलायचा नाही. मग त्याला सुरभी सुचली. सुरभी शहाणी, सुरभी घरातली एकटी डोक्याने चालणारी. एका मिनिटात सरळ करील म्हाताऱ्याला. त्याने फोन लावला.

"सुरभे, ह्यांना समजाव गो जरा. विमान सुटायला आलंय आणि हे अडून बसलेत. बॅगेत कोयती घातली होती ह्यांनी, कोयती! पकडली इथे. सांग त्यांना टाकून द्या म्हणून. तुझं ऐकतील."

पलीकडून बाळाची कुरकुर तेवढी ऐकू आली.

"सुरभी? ऐकतेस ना?"

"आणली त्यांनी?" ती म्हणाली. आवाज ओळखू येईना इतका बसलेला.

"आणली म्हणजे? तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं, दादा. मला माहितेय, लोखंडाने काही होत नाही. सगळं माहितेय मला, तू नको सांगूस." मग ती एकदम बोलत सुटली. "ही झाल्यापासून मी झोपले नाहीये रे. डोळा लागला की वाटतं, उघडेन तेव्हा ही पण नसेल. छातीवर हात ठेवून बसते, श्वास चालू आहे का बघत. आई म्हणते मी बघते, तू पड जरा. मी पडते, पण झोप येत नाही. आईजवळ हट्टच धरला मी, कोयती कुठंय, कोयती कुठंय. मग दाजींना फोन केला. म्हटलं, दादाला नका सांगू. तू हसला असतास."

सुशील हसला असता. नुसता हसला नसता, रोह्यापासून पेणपर्यंत भाषण दिलं असतं त्याने. त्याने बाकाकडे पाहिलं. दाजी चपलांकडे बघत बसले होते.

"आज नाय पोचणार कोयती," तो कसाबसा म्हणाला. "उद्या चालंल?"

"चालेल," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सुशीलने फोन खिशात घातला. राग गेला होता म्हणाल, तर अजिबात नाही. आता तर कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून तो आणखीच भडकला. "उठा," तो दाजींवर खेकसला. "चपला घाला. विमानात बसा आणि जा. ती मुलगी जागेवर नेऊन बसवील, तिकडे जावई येतील घ्यायला."

"आन तू?"

"मी ही कोयती घेऊन येतो बसनं. झालं समाधान?"

"मला हिंदी नाय येत रं नीट."

"जवानाला एवढं धारेबिरेचं सांगितलंत की! तेवढं बस झालं."

दाजी उठले. त्यांनी सुशीलच्या पाठीवर हात ठेवला, मान डोलावली आणि त्या मुलीच्या मागोमाग निघाले. एकदा वळून म्हणाले, "फडक्यातच ठेव, उघडी नको ठेवू."

विमानतळात शिरणं परवडलं, पण बाहेर पडणं? राम राम राम! जो तो उलटा येणाऱ्या माणसाकडे संशयाने बघणार. एकाने विचारलं, का परत चाललात? कोयती. दुसऱ्याने विचारलं, तिकीट रद्द का? कोयती. तिसऱ्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी दरवाज्याबाहेर सोडल्यावर सोबत आलेल्या त्याच जवानाने फडक्यातली कोयती त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बहन को मुबारक बोलना." सुशीलने मान हलवली. पनवेलच्या रिक्षावाल्याशी तो भाड्यावरून उगाचच भांडला.

बस कर्नाटकात शिरते न शिरते तोच बिघडली, मग दुसरी येईपर्यंत सगळे रस्त्यावर उभे. सुशीलला जेवण मिळालं ते आंबलेलं. मांडीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेत कोयती. आणि डोक्यात तो एकेक वाक्य जुळवत होता. पोचल्यावर सगळ्यांना समोर बसवून ऐकवणार होता. वडखळच्या नाक्यापासून सुरुवात करून एकेकाला असा काही झापणार होता की या घरात पुन्हा कुणी कोयतीचं नाव काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुरभीच्या घरी पोचला तेव्हा दार दाजींनी उघडलं. पाचवी काल घरातल्या सुरीवर उरकली होती, पण सुरभी रात्रभर जागीच होती, असं त्यांनी दारातच हळू आवाजात सांगितलं. आत सुरभी भिंतीला टेकून बसलेली, डोळे खोल गेलेले, हात बाळाच्या अंगावर. सुशीलने बॅग उघडून फडकं आईच्या हातात दिलं. आईने कोयतीला हळदकुंकू लावलं, गादीचं टोक उचललं आणि धार भिंतीकडे करून ती खाली सरकवली. सुरभी ते सगळं बघत होती. मग ती बाळाशेजारी आडवी झाली.

"दादा," ती म्हणाली, "फार त्रास झाला ना रे?"

सुशील या प्रश्नाची कालपासून वाट बघत होता. तो समोरच्या खुर्चीवर नीट बसला. "त्रास? अगं त्रास काय विचारतेस! आधी तर तो गाडीवाला, मग ते वडखळ, आणि त्या जवानापुढे ह्यांनी जे काय..."

आईने त्याच्या दंडाला कचकून चिमटा काढला.

सुरभीचा हात बाळाच्या अंगावरून घसरून गादीवर पडला होता. तोंड उघडं पडलं होतं आणि ती चक्क घोरत होती.

दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. सुशीलच्या तोंडात वडखळपासूनचं सगळं भाषण तयार होतं, पोटात भूक होती, पायात अजून बूट होते. खुर्ची जरा जरी हलली तरी करकरत होती. म्हणून संध्याकाळी ती जागी होईस्तोवर तो तसाच बसून राहिला.